वही त्याच्या हातात द्या

‘ताई, मी सांगलीजवळ राहतो. बँकेतल्या नोकरीतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मुलगा चोवीस वर्षांचा, व्यावसायिक टेनिस खेळतो. एकेरीत सध्या जगात साडेसहाशेच्या आसपास आहे, दीड वर्षापूर्वी ५७१ पर्यंत गेला होता. पाच वर्षांत माझे फंडाचे पैसे संपले, रस्त्याकडेचा प्लॉट विकला. आता विमानाची तिकिटं पुण्यात नोकरी करणारी मोठी मुलगी काढते. तिचं लग्नही त्यापायी लांबलंय. मुलगा सात आठवडे ट्युनिशियात मोनास्टिरला आहे, पाच वेळा पहिल्याच फेरीत हरला. भेटेल तो विचारतो, टीव्हीवर कधी दिसणार? अजून किती वर्षं घालायची? त्याला “बास” म्हणायचं का? बारावीनंतर शिक्षणही सुटलंय. जाता जाता एक सांगतो. मागच्या महिन्यात त्याला कुणीतरी इन्स्टाग्रामवर “पहिला सेट सोड, दोन हजार डॉलर देतो” असा मेसेज केला होता. त्यानं उत्तर दिलं नाही, फक्त बहिणीला सांगितलं. तो विषय तिथेच संपला.’

काका, नमस्कार.

तुमची शेवटची ओळ मी आधी घेते, कारण तो विषय संपलेला नाही.

त्यानं उत्तर दिलं नाही, हे उत्तम केलं. बहिणीला सांगितलं, हे त्याहून चांगलं केलं. पण टेनिसच्या नियमात एवढ्यानं भागत नाही. खेळातल्या भ्रष्टाचाराची प्रकरणं इंटरनॅशनल टेनिस इंटिग्रिटी एजन्सी, म्हणजे आयटीआयए, पाहते. तिचा नियम असा की असा प्रस्ताव आला तर खेळाडूनं तो लवकरात लवकर कळवायचाच. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पैसे घेतले नाहीत, सामना मनापासून खेळला, पण गप्प बसला, एवढ्यावरून बंदी आलेले खेळाडू आहेत.

तेव्हा आज रात्री त्याला फोन करा. मेसेज पुसू नको म्हणावं, खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढ, आणि आयटीआयएच्या संकेतस्थळावरून कळव. तिथे स्पर्धेचा सुपरवायझर असतो, त्यालाही सांग. महिना उलटला म्हणून भीती वाटेल. तरी उशिरा का होईना स्वतःहून सांगणं वेगळं, आणि उद्या त्या मेसेज करणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये तुमच्या मुलाचं नाव सापडणं वेगळं. सामना सोडल्याचं सिद्ध झालं तर शिक्षा आजन्म बंदी आणि अडीच लाख डॉलर दंडापर्यंत जाते. आणि एकदा हो म्हटलेला खेळाडू त्या लोकांच्या मुठीत जातो, पुढच्या वेळी ते विचारत नाहीत, सांगतात.

हा मेसेज त्यालाच का आला, हेही लक्षात घ्या. या खालच्या पायरीवरच्या सामन्यांवरसुद्धा जगभर सट्टा लागतो. प्रेक्षक म्हणून कोर्टाबाहेर दोन माणसं असतात, पण गुणफलक क्षणोक्षणी दुसऱ्या खंडातल्या माणसाच्या फोनवर दिसतो. त्या माणसाला कोण हरतोय, कोण घरापासून किती आठवडे लांब आहे, कुणाला पैशांची चणचण असणार, हे सगळं घरबसल्या कळतं. अ‍ॅडम लुईस या ब्रिटिश वकिलांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीनं २०१८ मध्ये हेच मांडलं होतं: खालच्या स्तरावर खेळाडू फार, पैसा थोडा, आणि भ्रष्टाचाराचं मूळ त्यात.

पैसा किती थोडा, हे तुम्हाला ठाऊक असेल, पण तुमच्या घरात बाकी कुणी नीट मांडलंय का, याची मला शंका आहे. मोनास्टिरला तो खेळतो ती पंधरा हजार डॉलरची स्पर्धा. पंधरा हजार म्हणजे सगळ्यांना मिळून. एकेरी जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर, म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये, तेही कर कापायच्या आधी. पात्रता फेरीत हरला तर शून्य. गुणांचंही तसंच: विजेत्याला १५, उपविजेत्याला ८, मग ४, २, १, आणि पहिल्या फेरीत हरलेल्याला काहीच नाही. पाच आठवडे पहिल्या फेरीत हरणं म्हणजे पाच आठवडे खोलीचं भाडं, जेवण, गटिंग (रॅकेटच्या तारा बसवणं) हे सगळं चालू आणि रँकिंगच्या बाजूनं पाटी कोरी. त्या १५६ डॉलरसमोर कुणीतरी दोन हजार ठेवले, आणि मुलगा हलला नाही. हे तुम्ही त्याला बोलून दाखवा. जिंकल्यावर शाबासकी सगळेच देतात.

५७१ वरून साडेसहाशेवर आला म्हणून खेळ बिघडला, असं लगेच धरू नका. एटीपीचे, म्हणजे पुरुष टेनिसचं रँकिंग ठरवणाऱ्या संघटनेचे, गुण ५२ आठवडे टिकतात. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात त्यानं उपांत्य फेरी गाठली असेल, तो आठवडा यंदा आला की ते गुण गळतात. म्हणजे आहे तिथे राहायलाही दर वर्षी तेवढंच जिंकावं लागतं.

खर्चाचा एक आकडा मला फार जुन्या काळापासून पाठ आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं, आयटीएफनं, २०१३ च्या आकडेवारीवर हिशेब काढला होता. प्रवास, राहणं, जेवण, गटिंग, कपडे धुणं धरून पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ३८,८०० डॉलर. यात प्रशिक्षक नाही. बक्षिसातून हा खर्च भागायला खेळाडू साधारण ३३६ व्या क्रमांकापर्यंत असावा लागत होता. त्यानंतर बक्षिसं थोडी वाढली, विमानभाडंही वाढलं. २०२४ पासून एटीपीनं किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली, पण ती २५० व्या क्रमांकावर थांबते. तुमचा मुलगा त्या रेषेच्या पुष्कळ खाली आहे. मी हे त्याला कमी लेखायला सांगत नाही. जगात या खेळात त्याच्यापुढे फक्त साडेसहाशे पुरुष आहेत. आपल्याकडे रणजीच्या अंतिम अकरात उतरलेल्या नवख्या क्रिकेटपटूला खेळण्याच्या दिवसाला चाळीस हजार रुपये मिळतात, आणि रणजीचे संघच अडतीस. टीव्हीवर कधी दिसणार असं विचारणाऱ्याला एवढं सांगा आणि चहा द्या.

आता तुमच्या मनात सुमित नागल येणार, मला माहीत आहे, कारण टेनिसच्या प्रत्येक घरात तो येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानं सांगितलं होतं की आपल्या बँक खात्यात जेमतेम ९०० युरो आहेत, आणि प्रशिक्षकासह वर्षभर फिरायला ऐंशी लाख ते एक कोटी लागतात. तेव्हा तो एकेरीत भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यानं मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला तीन सेटमध्ये हरवलं आणि त्याच वर्षी ६८ व्या क्रमांकापर्यंत पोचला. ही गोष्ट ऐकून छाती भरून येते, माझीही येते. पण ती अर्धी सांगितली जाते. याच नागलनं २०१९ मध्ये अमेरिकन ओपनमध्ये फेडररकडून एक सेट घेतला होता, २०२० मध्ये तो १२२ व्या क्रमांकावर जाऊन आला होता, त्याला इंडियन ऑइलची नोकरी होती आणि आपल्या महा टेनिस फाउंडेशनचा आधार होता. एवढं असून खात्यात ९०० युरो. साडेसहाशेवर असलेल्या मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून ‘तू पण’ म्हणणं बरोबर नाही.

तुमच्या मुलीबद्दल बोलायचं आहे. पत्रात ती तीनदा येते. तिकिटं काढते, लग्न लांबलं, भावानं मेसेजचं तिला सांगितलं. तिला काय वाटतं, हे कुठेच नाही. ती स्वतःहून करत असेल, प्रेमानं करत असेल, पण तिला कुणी विचारलंय का, की किती आणि कुठवर? माझ्या पाहण्यात अशा घरात एक जण खेळतो आणि एक जण गप्प पदरमोड करतो, आणि त्या गप्प माणसाचा हिशेब कुणीच मांडत नाही. तिला विचारा. तिनं ‘आणखी सहा महिने, महिन्याला इतके’ असं म्हटलं तर ती मर्यादा पाळा, आणि ‘आता नाही’ म्हणाली तर तोंड पाडू नका.

मी स्वतः या वाटेवर सहा वर्षं चालले. पाचशेच्या आत कधी आले नाही. २००३ साली उत्तरेतल्या एका शहरात दहा हजारी स्पर्धेच्या पहिल्या फेरीत तिसरा सेट ७-५ असा हरले. रेफरीच्या खोलीत सही करून ९८ डॉलर घेतले. खोलीवर येऊन गादीवर पैशांचे वाटे केले: गटिंगचे, खोलीचे, परतीच्या स्लीपरचे. जेवणाचा वाटा झालाच नाही. बादलीत भिजवलेले कपडे पिळून पंख्याखाली टाकले, कारण दुसऱ्या दिवशी दुहेरी होती आणि स्कर्ट एकच धड होता. घरी फोन केला तर माझे वडील, आण्णा, म्हणाले, ‘थोडक्यात गेला ना? मग झालं.’ एवढंच.

त्यांना वाटायचं की पैशांचं मला काही कळू देत नाहीत. आमचं किराणा दुकान होतं. लाल कापडी पुठ्ठ्याच्या खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान असायचं, आणि एका सुट्टीत काहीतरी शोधताना मला माझ्या नावाचं पान सापडलं. नावे बाजूला पाच वर्षांचा खर्च तारीखवार, रॅकेटच्या ग्रिपपर्यंत. जमा बाजू कोरी. आण्णांनी ते पान मला कधी दाखवलं नव्हतं, दाखवणारही नव्हते. व्यापारी माणूस, सवयीनं लिहीत गेले. पण त्यानंतर ब्रेक पॉइंटला दुसरी सर्व्हिस करायला उभी राहिले की मला ती कोरी बाजू दिसायची. हात आखडायचा. डबल फॉल्ट झाला की वाटायचं, आज आणखी तीन हजार. पुढची दीड वर्षं मी बक्षिसासाठी खेळले आणि वाईट खेळले.

म्हणून माझी पहिली विनंती ही. हिशेब लपवू नका आणि सुनावूही नका. मुलगा परत आला की वही त्याच्या हातात द्या. आजवर गेलं ते एका पानावर एकदा लिहा, तुम्ही दोघं त्याखाली सही करा, आणि ते पान बंद. ते पैसे तुम्ही बाप म्हणून खर्च केलेत, त्याला कर्ज दिलेलं नाही, हे त्याला तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या. प्लॉट गेला म्हणून आणखी दोन वर्षं खेळायचं, हे कारण होऊ शकत नाही. तो खेळला तरी प्लॉट परत येणार नाही, थांबला तरी येणार नाही. नवीन पानावर पुढचं वर्ष, आणि ते त्यानंच लिहायचं. कोणती स्पर्धा, किती खर्च, कोणाकडून हरलो, काय सुधारलं. चोवीस वर्षांच्या मुलाला आपण जगाच्या दुसऱ्या टोकाला एकटं पाठवतो, मग त्याचा जमाखर्च आपण का ठेवायचा?

एकच वर्ष, हे माझं मत. रकमेचा आकडा आधी ठरवा, काही विकायचं नाही, कर्ज काढायचं नाही. सध्या त्याला मोनास्टिरहून परत बोलवा. आठव्या आठवड्यात रँकिंग सुधारण्यापेक्षा खांदा दुखावण्याची शक्यता जास्त. मोनास्टिर, अंताल्या, शर्म अल शेख इथे दर आठवड्याला स्पर्धा असतात, म्हणून मुलं तिथे तळ ठोकतात. हरलं की ‘पुढच्या सोमवारी आहेच’ असं म्हणत एकच चूक दहा आठवडे गिरवतात. तीन आठवडे खेळ, दोन-तीन आठवडे घरी सराव, मग पुन्हा तीन आठवडे. वर्षाच्या सुरुवातीला भारतातच स्पर्धा असतात, फेब्रुवारीच्या सुमाराला चॅलेंजर, म्हणजे याच्या वरच्या पायरीच्या, स्पर्धा होतात, पुण्यात बालेवाडीलाही. घरचं जेवण, रेल्वेचा प्रवास, शिवाय बालेवाडीत वाइल्ड कार्डासाठी, म्हणजे क्रमांक कमी पडला तरी आयोजकांकडून मिळणाऱ्या प्रवेशासाठी, राज्य संघटनेकडे रीतसर अर्ज करता येतो. प्रशिक्षकाचा खर्च त्याच्याच पातळीच्या दोन मुलांबरोबर वाटून घेता येतो, बरेच जण तसं करतात. उन्हाळ्यात जर्मनीतले क्लब आपल्या लीगसाठी बाहेरचे खेळाडू घेतात, सामन्याचे पैसे देतात, राहायची सोय करतात. तिथे खेळून आलेल्या एखाद्या सीनियर मुलाला त्यानं विचारावं, ओळखीशिवाय ते जमत नाही.

आणि दुहेरी. पत्रात दुहेरीचा उल्लेखच नाही, त्यामुळे तो ज्याच्यासोबत जमेल त्याच्यासोबत शेवटच्या क्षणी नाव देत असावा. युकी भांबरी एकेरीत ८३ व्या क्रमांकापर्यंत गेला होता, दुखापतींनी त्याची वर्षं खाल्ली, मग दुहेरीकडे वळून २०२५ मध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत खेळला. पुण्याचा अर्जुन कढे अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला, मग वर्षानुवर्षं खालच्या स्पर्धांत घासत राहिला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीला एटीपीचं दुहेरीचं विजेतेपद घेऊन आला. तुमच्या मुलाची सर्व्हिस चांगली असेल, नेटजवळ हात चालत असेल, तर एक कायमचा जोडीदार धरून त्यानं हे वर्ष दुहेरीला मनापासून द्यावं.

वर्ष संपताना काय पाहायचं? नुसता क्रमांक पाहू नका. मोनास्टिरच्या स्पर्धेहून एक पायरी वरच्या, ‘एम२५’ दर्जाच्या स्पर्धांत तो उपांत्य फेरीपर्यंत निदान तीनदा गेला का? चारशेच्या आत आला का, किंवा अगदी जवळ? दुहेरीत चढ दिसतो का? यातलं काहीच झालं नाही, तर दौरा थांबवा. प्रज्ञेश गुणेश्वरन एकोणतिसाव्या वर्षी पहिल्या शंभरात आला, हे खरं आहे, पण मधली त्याची कित्येक वर्षं गुडघ्याच्या दुखापतीत गेली होती. तुमचा मुलगा पाच वर्षं अंगानं धडधाकट खेळलाय. त्याचा खेळ कुठवर जातो, हे सहाव्या वर्षाअखेरीस बऱ्यापैकी कळलेलं असेल.

‘बास’ हा शब्द मात्र तुम्ही म्हणू नका. वही त्याच्या हातात असेल तर तो त्यालाच म्हणता येईल, आणि बापानं थांबवलं ही अढी जन्मभर राहणार नाही. मी थांबले तेव्हा आण्णांनी थांबवलं नव्हतं. त्यासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे.

थांबल्यावर काय, याची तयारी आजपासूनच करता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून फिरत असताना पदवी करता येईल, या वर्षीच नाव घालावं. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण तिथे मुख्यतः पदकाची प्रमाणपत्रं पाहतात, एटीपीचा क्रमांक नव्हे. राष्ट्रीय स्पर्धांत त्याचं पदक असेल तर विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी आधीच करून ठेवा. प्रशिक्षकाचं म्हणाल तर सांगली-कोल्हापूर पट्ट्यात जगात ५७१ वा राहिलेला माणूस मुलांना शिकवायला मिळणं किती अवघड, हे तुम्हीच आठवा. त्याच्यासाठी प्रशिक्षक शोधत तुम्ही किती वर्षं पुण्याला खेपा घातल्या असतील.

तो आला की त्याला घ्यायला मिरजेला जा. त्या दिवशी ड्रॉ, गुण, पैसे काही काढू नका, त्याला झोपू द्या. दोन दिवसांनी वही काढाल तेव्हा मुलीलाही पुण्याहून बोलावून घ्या, आणि तिला आधी बोलू द्या. मेसेजचं मात्र तो येईपर्यंत ठेवू नका. मोनास्टिरचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे आहे, तुमची जेवणं आटोपल्यावर फोन केलात तरी तो जागा असेल.